लळ्याचं वजनमाप

नकार पचवायची मला सवय आहे. बढतीच्या यादीत माझं नाव दोनदा टाईप झालं आणि दोनदा खोडलं गेलं, तेही मी हसत सोसलं. पण आठ किलो दोनशे ग्रॅम वजनाच्या, दोन दातांच्या, स्वतःच्या पायांवर धड उभंही राहता न येणाऱ्या व्यक्तीने आपलं तोंड दिसताच किंकाळी फोडावी, आणि तीही रोज सकाळी, घरच्यांच्या साक्षीने, हे मात्र मनाला लागतं. ही व्यक्ती म्हणजे माझी सख्खी नात. वय नऊ महिने. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ती जन्मली तेव्हापासूनच इतकी गोल आहे की सगळे तिला गोटी म्हणतात.

वजन ग्रॅमपर्यंत सांगतो याचं नवल वाटू नये. मी चौतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. दुकानदाराचा काटा तपासायचा, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर ‘दुरुस्त करून पुन्हा हजर करावा’ असा शेरा लिहायचा. निवृत्त झालो तरी देवाच्या दयेने नजर शाबूत आहे. मुठीत धरलेल्या कांद्याचं वजन मला आजही पाच-दहा ग्रॅमच्या फरकाने सांगता येतो. या गुणाचा घरात कुणाला काही उपयोग नाही, हा भाग वेगळा.

अडचण अशी उभी राहिली. आमची सूनबाई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिची रजा पंधरा दिवसांनी संपणार होती. मुलगा कंपनीच्या कामासाठी तीन महिने परगावी. आणि ही, म्हणजे माझी बायको, न्हाणीघरात घसरून घोटा मोडून बसली होती. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. तिची खुर्ची आम्ही हॉलमध्ये अशा कोपऱ्यात ठेवली होती की तिथून सगळं घर दिसावं. ती चूक माझीच. चालायला पाय लागतो, बोलायला लागत नाही. जवळच्या पाळणाघरात वर्षाच्या आतलं बाळ घेत नव्हते. गोटी आजीकडे बघून खिदळायची, पण आजीला उठून तिला उचलता येत नव्हतं. राहता राहिलो मी. आणि मी उचललं की काय व्हायचं ते वर सांगितलंच आहे.

“बाबा, रजा संपेपर्यंत ती तुमच्याजवळ राहायला लागली नाही तर मी राजीनामा देते,” एका दुपारी सूनबाई म्हणाली. “रजा आणखी वाढणार नाही म्हणून मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. माझ्या जागेवर यायला दोघीजणी टपून बसल्यात.”

हे सांगताना ती ताट पुसत होती, आणि एकच ताट पाच मिनिटं पुसत होती. या पोरीला सूक्ष्मदर्शकात रक्ताचा थेंब बघताना मी एकदा पाहिलं आहे. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. ऐन रंगात आल्यावर बुवांच्या चेहऱ्यावर जे येतं ना, तेच मी त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. देवाने ज्या कामासाठी माणूस घडवला ते काम त्याच्या हातून सुटू नये, असं मला मनापासून वाटतं.

“राजीनामा-बिजीनामा काही द्यायचा नाही,” मी म्हणालो. “पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले. मी बघतो.”

“काय बघता?” खुर्चीतून आवाज आला. “तुम्ही बघितलंत की ती रडते.”

आमच्या समोरच्या दारात एक प्राध्यापिकाबाई राहतात. त्या मानसशास्त्र शिकवतात. मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि सरळ विचारलं, की बाळाला माणसाचा लळा लागतो तो नेमका कशामुळे?

“काका, त्यावर एकमत नाही,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “काहींचं म्हणणं, जो भरवतो त्याचा लळा लागतो. काही म्हणतात, भरवण्याचा फारसा संबंध नाही, मऊ उबदार स्पर्श हवा. माकडाच्या पिल्लांवर तसे प्रयोग झालेत. काहींच्या मते ही ओढ उपजतच असते, बदकाची पिल्लं नाही का पहिल्यांदा दिसेल त्या हलत्या वस्तूच्या मागे जात. आणि काही म्हणतात, बाळाच्या हाकेला जो वेळेवर, नीट ओ देतो, त्याचं ते होतं.”

“आणि यातलं खरं काय?”

“तेच तर मी परीक्षेत विचारते. मुलं दहा दहा पानं लिहितात.”

“मग शेवटी काय निघतं?”

“शेवटी लिहितात, या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.”

मी सुन्न झालो. चार सिद्धांत राजरोस बाजारात फिरताहेत आणि एकावरही शिक्का नाही! उद्या एखाद्या दुकानदाराने असे चार काटे मांडले असते, चारही वेगळं वजन दाखवणारे, तर मी तिथल्या तिथे जप्त केले असते. बाईंनी दिलेला जाडजूड ग्रंथ काखेत मारून मी घरी आलो, कपाटातून एक कोरी नोंदवही काढली आणि रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, सिद्धांत, बाळाची प्रतिक्रिया, शेरा. चार सिद्धांत, प्रत्येकी तीन दिवस. तीनदा तोच निकाल आला तरच मान्य करायचा, हा आमच्या खात्याचा नियम. आणि दुसरा नियम त्याहून मोठा: तपासणी चालू असताना निरीक्षकाने काट्याला हात लावायचा नाही, लांबून बघायचं आणि लिहायचं.

पहिला सिद्धांत, भरवणाऱ्याचा लळा. आमच्या डोक्यावर विमा एजंट राहतात. जिन्यात गाठ पडली की माणसाचं आयुष्य किती क्षणभंगुर आहे हे सांगितल्याशिवाय ते वर जात नाहीत. माझा बेत ऐकून ते खूष झाले.

“अगदी बरोबर धरलंत! माझा थोरला माझ्याकडे यायला लागला तो निव्वळ बिस्किटांमुळे.”

“अजून आहे का तुमच्याकडे?”

“कुठला! लग्न झाल्यावर वेगळा राहतो. पण बिस्किट आणलं तर येतो.”

तीन दिवस गोटीच्या पोटात जे गेलं ते माझ्याच हातून. सूनबाई आतल्या खोलीत बसून राहायची, मी कुस्करलेलं केळं चमच्यात घेऊन बसायचो. गोटीने खाण्याच्या बाबतीत जराही कुरकुर केली नाही. ती चमच्याकडे बघायची, चमच्याकडे बघून हसायची, चमचा आला की आ करायची. वाटी संपली की मान वर करून तिला माझं तोंड दिसायचं, आणि मग किंकाळी. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी तिने चमचा माझ्या हातातून काढून घेतला, उराशी धरला आणि मग किंकाळी फोडली. शेरा लिहिला: ‘माल स्वीकारला. विक्रेता नाकारला. सिद्धांत नामंजूर.’

दुसऱ्या सिद्धांताने माझी अब्रू घालवली. ग्रंथात लिहिलं होतं की माकडाच्या पिल्लापुढे दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची, पण दुधाची बाटली असलेली, आणि दुसरी मऊ कापडाची. पिल्लू दुधापुरतं तारेकडे जायचं आणि बाकी वेळ कापडाला चिकटून बसायचं. हे वाचून मी आरशात पाहिलं. दाढीचे खुंट, खादीचा कडक सदरा, खिशात पेन आणि चष्म्याचं घर. माझी तारेची आईच झाली होती म्हणायची. मग मी दाढी गुळगुळीत केली आणि सूनबाईचा टॉवेलच्या कापडाचा गुलाबी गाऊन वरून चढवला. तो गुडघ्याखाली जरा आखूड होत होता.

“देवा रे,” ही म्हणाली, “माझं प्लास्टर आजच निघालं असतं तर मी माहेरी निघून गेले असते.”

गंमत अशी की गोटी आली! रांगत आली, गाऊनला गाल घासला, मूठभर गाऊन तोंडात घातला आणि शांत बसली. मला भरून आलं. वही लांब होती, पण मनातल्या मनात मी शिक्का काढला. तेवढ्यात दार वाजलं. गोटीला धक्का बसू नये म्हणून मी तिला गाऊनसकट उचलून दार उघडलं. दारात वीजमीटरचं रीडिंग घेणारा माणूस, त्याच्यामागे विमा एजंट, त्यांच्यामागे प्राध्यापिकाबाई. तिघांनीही माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. विमा एजंट आयुष्याच्या क्षणभंगुरतेबद्दल चकार शब्द न बोलता वर निघून गेले. मीटरवाला म्हणाला, “आजी, मीटर कुठे आहे?”

उकाडा असह्य झाला तेव्हा मी गाऊन काढला. गोटीने वर पाहिलं. कापडाच्या आईच्या आतून तारेची आई बाहेर आलेली पाहून ती जी रडायला लागली ती गाऊन परत मिळेपर्यंत थांबली नाही. पुढचे दोन दिवस गाऊन जमिनीवर आणि गोटी त्यावर. मी नसलो तरी तिचं काही अडत नव्हतं. शेरा: ‘लळा लागला. गाऊनचा.’

तिसऱ्या सिद्धांताबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पाठ अजून दुखते. बदकाची पिल्लं हलत्या वस्तूच्या मागे जातात म्हणून मी हॉलमध्ये रांगू लागलो. पुढे मी, मागे गोटी, अशी कल्पना होती. गोटी होती तिथेच बसून राहिली. मी दुसऱ्या फेरीत मान हलवली, तिसऱ्या फेरीत आवाजही काढला. टेबलाखालून वळताना कमरेत जी उसण भरली ती अशी की मला पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना. तेव्हा मात्र गोटी आली. टेबलाखाली वाकून तिने मला नीट न्याहाळलं आणि आयुष्यात प्रथमच माझ्याकडे बघून हसली.

“कसं वाटतंय?” हिने विचारलं.

“हसली! तू पाहिलंस ना, हसली!”

“तिला तुमची काळजी वाटली असेल.”

हिची हाक ऐकून आलेल्या प्राध्यापिकाबाईंनी मला टेबलाखालून ओढून काढलं. वरून म्हणाल्या, “काका, तो भाग बदकांचा होता. तुम्ही पुढचं पान वाचलं नाहीत का?” वाचलं नव्हतं. माझ्या खात्यात पुढच्या पानावर फक्त सह्या असायच्या.

नऊ दिवस असे गेले. आणि दहाव्या दिवशी सूनबाईने प्रयोगशाळेतून एक छापील कागद आणला. तान्हं मूल असलेल्या बाईला कायम सकाळची पाळी मिळते, आठ ते दोन, पण त्यासाठी एक हमीपत्र भरून द्यावं लागतं. त्यातली पहिली दहा कलमं ठीक होती. अकरावं कलम असं: ‘बाळ सदर देखभालकर्त्याजवळ, मातेच्या अनुपस्थितीत, किमान अर्धा तास शांत राहते, हे डॉक्टरांनी समक्ष पाहून प्रमाणित करावे.’

“हे कोणी लिहिलंय?” मी विचारलं.

“माहीत नाही, बाबा. फॉर्म फार जुना आहे. आमच्या मॅडम म्हणतात, मी आले तेव्हापासून असाच आहे.” मग तिने आवाज खाली आणला. “सकाळची पाळी नाही मिळाली तर सहा सहा दिवस रात्रीची येते. मग राहूच द्या सगळं.”

असली कलमं मी स्वतः आयुष्यभर लोकांच्या अंगावर टाकली आहेत. दैवाने परतफेड केली असं मनात म्हटलं आणि सकाळी गोटीला घेऊन एकटाच दवाखान्याकडे निघालो. मातेची अनुपस्थिती हवी होती ना!

घर ते दवाखाना सात मिनिटांचा रस्ता. पहिल्या मिनिटापासून गोटीने आकाश डोक्यावर घेतलं. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघू लागले. चौकात एक पोलीस उभा होता. त्याने हात केला.

“आजोबा, बाळ कोणाचं?”

“माझं. म्हणजे माझ्या मुलाचं.”

“मुलगा कुठाय?”

“परगावी.”

“आई?”

“तिला मुद्दाम घरी ठेवलंय.”

हे उत्तर चुकलं, हे मला त्याच्या भुवयांवरून कळलं. “मुद्दाम? बरं. बाळ तर तुम्हाला ओळखताना दिसत नाही.”

“ओळखते म्हणूनच रडते हो! पुरावा आहे माझ्याकडे,” असं म्हणून मी काखेतली नोंदवही त्याच्या हातात दिली. पोलिसाने ती उघडली आणि मोठ्याने वाचली. “‘माल स्वीकारला. विक्रेता नाकारला.’ कसला माल?” तोपर्यंत पंधरा-वीस माणसं जमली होती. गोटीने मात्र रडणं थांबवलं, पोलिसाच्या चकचकीत बटणांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेप घेतली. त्याच्या खांद्यावर मान टाकून ती माझ्याकडे अशी बघू लागली की पाहणाऱ्यांची खात्रीच पटावी.

अखेर सूनबाईला फोन झाला, ती धावत आली, सगळ्यांची समजूत पटली. पोलीस सज्जन होता. गोटीला परत देताना म्हणाला, “आजोबा, राग मानू नका. नोकरीच अशी आहे.” मी काय राग मानणार? मी त्याच्या जागी असतो तर मला अटकच केली असती.

दवाखान्यात डॉक्टरांनी कलम अकरा दोनदा वाचलं. “अर्धा तास शांत, आणि माझ्यासमक्ष? अहो, माझ्यासमोर कुठलंच बाळ अर्धा मिनिट शांत राहत नाही. मी सुया टोचतो! माझी स्वतःची मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मला पाहून पलंगाखाली जात होती.” बोलताना त्यांचा आवाज जरा ओला झाला. मला तो माणूस एकदम सख्ख्या भावासारखा वाटला. “परवा या. बघू काहीतरी,” ते म्हणाले.

 घरी आल्यावर सूनबाईने गोटीला छातीशी घेतलं आणि कपाट उघडून नोकरीचे कपडे, जे तिने इस्त्री करून टांगले होते, ते घडी घालून खालच्या खणात ठेवले. तेवढंच.

उरला चौथा सिद्धांत, हाकेला ओ. मी घड्याळ, पेन आणि वही घेऊन गोटीसमोर तीन हातांवर बसलो. गोटी म्हणाली, “अं.” मी लिहिलं: ‘दहा वाजून चौदा मिनिटे. बाळ: अं.’ मग पेनाचं टोपण लावलं, वही ठेवली आणि म्हणालो, “ओ.” पण तोपर्यंत गोटी पंख्याकडे बघत होती. पुन्हा “अं.” पुन्हा नोंद. पुन्हा माझा ओ, आणि समोर गोटीची पाठ. असं दिवसभर चाललं. दिवस संपताना माझ्या वहीत एक्केचाळीस हाका आणि एक्केचाळीस ओ अगदी वेळेनिशी नोंदलेले होते, आणि गोटी पूर्वीसारखीच किंचाळत होती.

“मी एक बोलू का?” ही म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. “ती हाक मारते तेव्हा तुम्ही वहीत बघता. तुमचं बघून होतं तोवर तिचं बोलणं संपलेलं असतं. अहो, ती काय दुकानदार आहे? बारा दिवस तुम्ही तिच्यापुढे धाड घालायला आल्यासारखे बसलाय.”

“नियम असा आहे की काट्याला हात लावायचा नाही.”

“ते बाळ आहे,” ही म्हणाली. “हात लावायचाच असतो.”

दुसऱ्या दिवशी सूनबाई मॅडमना भेटायला गेली, बहुधा राजीनाम्याचं विचारायला, आणि गोटीची आंघोळ माझ्या अंगावर आली. पाणी माझ्या कोपराने तपासलं, तिला टबात बसवलं, वही जवळच्या स्टुलावर ठेवली. गोटीने स्टुलाचा पाय धरून ओढला आणि बारा दिवसांचं संशोधन टबात पडलं. शाई पसरली. ‘सिद्धांत नामंजूर’ पोहत पोहत तिच्या पोटाशी आलं. माझा एक हात तिच्या पाठीला, दुसरा साबणाने निसरडा. वही वाचवावी तर बाळ घसरतं. करणार काय? माझ्या तोंडून, कशी कोण जाणे, बुवांच्या चालीवर ओळ बाहेर पडली:

“गेली गेली वही गं, टबामध्ये न्हाली गं...”

“अं!” गोटी म्हणाली.

मी कीर्तनाला बसणारा माणूस. ओळ टाकली आणि मागून कुणी उचलली की पुढची ओळ थांबतच नाही. लिहायला हात मोकळा नव्हता, वहीही उरली नव्हती. मी तिच्याकडे बघत म्हटलं, “अं! शाई सारी धुतली गं, आजोबांची जिरली गं...”

“अं-अं!”

“अं-अं! साबण गेला डोळ्यात गं, रडू नको, पुसतो गं...”

तिच्या डोळ्यात खरंच साबण गेला होता. तिने ओठ काढला, मी डोळा पुसला, तिने ओठ आत घेतला. ती थांबली की मी ओळ टाकायची, तिने ओळ टाकली की मी उचलायची. ती पाण्यावर थाप मारायची, मी टबाच्या कडेवर मारायचो. आंघोळ, पुसणं, झबलं, केळं, सगळं त्याच चालीवर झालं. चाल जरा बेसूर लागली असेल, पण आमच्या श्रोत्यांची काही तक्रार नव्हती. खुर्चीतून बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी वळून पाहिलं, तर ही बोटांनी प्लास्टरवर ठेका धरत होती. गोटी माझ्या मांडीवर झोपली तेव्हा माझा पाय मुंग्यांनी बधिर झाला होता, आणि मी तो दीड तास हलवला नाही.

सूनबाई आली, दारातच थबकली. मी खुणेने सांगितलं, बोलू नकोस. तिने खालच्या खणातून कपडे काढले आणि पुन्हा टांगले.

डॉक्टरांनीही वाट काढली. ते स्वतः पडद्याआड बसले आणि आम्ही पडद्याबाहेर. मी अर्धा तास त्यांच्या दवाखान्याचं वर्णन गाऊन सांगितलं: वजनाचा काटा, कापसाचा डबा, भिंतीवरचं घड्याळ. गोटी प्रत्येक ओळीला साथ देत होती. बाहेर बसलेली दोन तापाची बाळंही गप्प झाली. तीस मिनिटं झाल्यावर पडद्याखालून एक हात आला आणि कागद घेऊन आत गेला. सही करताना डॉक्टर हळूच म्हणाले, “आजोबा, माझ्या मुलीला एवढं ऐकवायला हवं होतं मी.”

नोकरीचा पहिला दिवस उजाडला. सूनबाई पावणेआठला तयार होऊन दारात उभी राहिली. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. तिने गोटीची पापी घेतली आणि म्हणाली, “मी येते हं सोन्या.” गोटी माझ्या कडेवर होती. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग तिची नजर माझ्या चष्म्यावर गेली आणि ती तो ओढू लागली. रडणं नाही. ओठ काढणं नाही. काहीच नाही. मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. पण ही माझ्याकडे बघत नव्हती, सुनेकडे बघत होती.

सूनबाई जिना उतरली. आम्ही दार लावलं. पाच मिनिटांनी बेल वाजली. तीच.

“रुमाल राहिला,” ती म्हणाली. रुमाल तिच्या हातातच होता. “रडली नाही ना?”

“मुळीच नाही!” मी अभिमानाने म्हणालो. “बघ कशी खेळतेय. तू गेलीस ते तिच्या लक्षातही आलं नाही!”

“हो का,” ती म्हणाली. “चांगलं झालं.” आणि तोंड फिरवून भराभर जिना उतरून गेली.

“तुम्हाला देवाने जीभ दिली ती कीर्तनापुरतीच ठेवा,” ही म्हणाली. “रडत गेली ना पोर!”

“रडायचं कशाला? सगळं तर मनासारखं झालं!”

“नऊ महिने आई क्षणभर दृष्टीआड झाली की गोटीने टाहो फोडलाय. आज नोकरीला निघाली तर हिने वळूनही पाहिलं नाही. आईला कसं वाटेल?”

मी खाली बसलो. या बाजूने काटा तपासायचा माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी मी गोटीला सांभाळलं, भरवलं, झोपवलं, आणि सगळा वेळ माझं मन जिन्यात होतं.

अडीच वाजता दार उघडलं. सूनबाईचं काम रक्ताच्या नमुन्यांचं, त्यामुळे आंघोळ केल्याशिवाय ती बाळाला हात लावत नाही. ती हात मागे बांधून दारातच उभी राहिली, पाहुण्यासारखी. गोटी जमिनीवर बसून वाटीत चमचा आपटत होती. तिने मान वर केली. आईकडे पाहिलं. पुन्हा चमचा आपटला. सूनबाईचा चेहरा बघवेना. आणि मग गोटीचा हात वर गेला तो तिथेच थांबला. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिने जो आक्रोश मांडला, तो असा की सकाळी आठपासूनचा सगळा हिशेब तिने एकदम आईपुढे ओतला. रडत, रांगत, अडखळत ती दाराकडे निघाली.

“रडली!” सूनबाई ओरडली. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. “आई, बाबा, बघितलंत? मला बघून रडली! आले हं राणी, दोन मिनिटांत आले, थांब माझी बाय!” आणि ती न्हाणीघराकडे अक्षरशः धावत सुटली.

मी गोटीला उचललं. ती माझ्या खांद्यावर दोनदा हुंदकली. मी पाठीवर थोपटलं, एक ओळ गुणगुणलो. तिने माझ्या सदऱ्याची कॉलर तोंडात घातली आणि अर्ध्या मिनिटात शांत होऊन चघळू लागली.

न्हाणीघरातून आवाज आला, “बाबा, रडतेय का हो अजून?”

त्या आवाजात काय होतं ते मी कसं सांगू? ज्याने चौतीस वर्षांत एकाही काट्याला खोटा दाखला दिला नाही, त्या माणसाने गोटीकडे पाहिलं. ती मजेत कॉलर चघळत होती.

“रडतेय!” मी म्हणालो. “फार रडतेय! ऐकतच नाहीये माझं!”

खुर्चीतून ही हळूच म्हणाली, “अहो, मोठ्यांदा सांगा. नळ चालू आहे.”